गोरा आवाज

"ओ बाई, सफाईवाल्यांचं दार मागच्या बाजूला!"

छत्री मिटता मिटता ती थबकली. रेडिओ केंद्राच्या काचेच्या दारात सुरक्षारक्षक हात आडवा करून उभा होता. दुसऱ्या कुणाला म्हणतोय का हा, म्हणून तिनं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. नुसता पाऊस.

"मी नोकरीवर रुजू व्हायला आलेय," ती म्हणाली. "निवेदिका म्हणून."

"कार्ड?"

"ते आजच मिळणार आहे. त्यासाठीच तर आत जायचंय ना!"

तेवढ्यात तिच्या शेजारून एक उंच, गोरापान, नखशिखांत भिजलेला माणूस खांद्यावर वायरींचं भेंडोळं घेऊन सरळ आत शिरला. शर्टाचं बटण तुटलेलं, चपला फचफच वाजतायत... पण त्याला कुणी हटकलं नाही. पुढं जाऊन तो थांबला, मागं आला, पायानं दार अडवून म्हणाला, "काका, सोडा त्यांना. त्या माझ्याबरोबर आहेत."

काकांचा हात खाली आला. इतकं सोपं होतं तर!

"थँक्यू म्हणायची पद्धत आहे," लिफ्टपाशी तो हसत म्हणाला.

"मी तुमच्याबरोबर नव्हते."

"नव्हता. पण आत आलात की नाही?"

"तेच तर! तुम्ही सांगितलंत म्हणून आले. माझं मी सांगत होते तेव्हा नाही."

त्याचं हसू जरा ओसरलं. तिच्या पापण्यांवर पावसाचे थेंब अडकले होते आणि ती ते पुसतही नव्हती. तो बघत राहिला... जरा जास्तच वेळ.

"रागावल्यावर तुमचा आवाज खाली उतरतो," तो म्हणाला. "बाकीच्यांचा चढतो."

"तुम्ही आहात तरी कोण?"

"साउंड बघतो इथला. सगळे मला कानसेन म्हणतात."

लिफ्ट आली. ती जिन्यानं गेली.

तिचे पणजोबा समुद्रापलीकडून जहाजात बसून इथल्या मळ्यांवर राबायला आले होते. त्यांचा काळाभोर रंग घराण्यात उतरला, मळा मात्र मागं पडला. वडील शहरातले नावाजलेले हाडांचे डॉक्टर. तिच्यासाठी उत्तम शाळा, उच्चार सुधारायला घरी येणारे शिक्षक, वक्तृत्वाची बक्षिसं... आणि एवढं सगळं असूनही नव्या ओळखीचा माणूस पहिला प्रश्न हमखास विचारायचा, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" ती म्हणायची, "इथलीच." मग पुढचा प्रश्न, "नाही, पण मूळच्या?"

कानसेन इथलाच, पिढ्यान्‌पिढ्यांचा. त्याला हा प्रश्न कुणी कधी विचारला नाही. पण त्याचे वडील बस चालवायचे, आणि ते गेल्यावर घर मोठ्या बहिणीच्या पगारावर तरलं. ती बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तो बोलायचा गोड, पण घाईत किंवा रागात त्याचा 'ण' निसटून 'न' व्हायचा. पहिल्याच आठवड्यात तिनं त्याला "पानी नाही, पाणी," असं सांगितलं आणि त्यानं तिचं नाव ठेवलं, शुद्धलेखन.

तिला मिळाला दुपारचा फोनवरचा कार्यक्रम. कुणाला जन्मतःच काय मिळतं आणि कुणाला काय मिळत नाही, यावर श्रोत्यांनी भांडायचं. बॉसबाईंनी नाव सुचवलं होतं 'विशेषाधिकार'.

"हे नाव माझ्या ताईला सांगितलं तर तिला औषध वाटेल," कानसेन काचेपलीकडून म्हणाला. "जेवणाआधी घ्यायचं की नंतर, असं विचारेल."

"मग काय ठेवायचं?"

"आयतं. सगळ्यांना कळेल."

कार्यक्रमाचं नाव 'आयतं' पडलं आणि महिन्याभरात तो गाजला. ती माईकसमोर, तो काचेपलीकडं बटणांसमोर, आणि हेडफोनमधून त्याचा आवाज तिच्या एकटीच्या कानात.

"घसा कोरडा पडलाय. पाणी प्या."

ती चमकून वर बघायची. तो शहाण्यासारखा आवाज मोजणाऱ्या काट्यावर नजर ठेवून बसलेला असायचा. श्रोता तावातावानं बोलत असायचा, तिनं गंभीर हुंकार द्यायचे असायचे, आणि कानात —

"निळा रंग शोभतो तुम्हाला."

"हं... बरोबर आहे तुमचं," ती श्रोत्याला म्हणायची आणि काचेकडं डोळे वटारायची.

एका दुपारी रस्त्यावर पाणी तुंबलं आणि पाहुणे प्राध्यापक पोचलेच नाहीत. प्रक्षेपण सुरू झाल्याचा लाल दिवा लागायची वेळ झाली. तिनं उठून कंट्रोल रूमचं दार उघडलं, त्याला मनगटाला धरून आत ओढलं आणि समोरच्या खुर्चीत बसवलं. दुसरा माईक त्याच्या पुढ्यात सरकवला तेव्हा कुठं तिला कळलं की आपण अजून त्याचं मनगट सोडलेलं नाही.

"आज माझ्यासोबत आहेत आमचे तंत्रज्ञ, कानसेन. सांगा, तुम्हाला काय आयतं मिळालं?"

"मला? भाड्याची खोली, आणि वडिलांचा खोकला."

"आणखी एक गोष्ट मिळालीय. मी आले त्या सकाळी दारात मला अडवलं. तुम्हाला का नाही अडवलं?"

"मी ओळखीचा होतो."

"मग तुमच्या पहिल्या दिवशी अडवलं होतं?"

रेडिओवर शांतता म्हणजे पाप. पण तो गप्पच झाला. बाहेर पावसानं जोर धरला होता.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, काका प्रेमळ आहेत." मग खुर्ची पुढं ओढून, "आता मी विचारू? फी भरली नाही म्हणून तुम्हाला कधी वर्गाबाहेर उभं केलं?"

"नाही."

"ताप आला तर डॉक्टरकडं न्यायचं की नको, यावर घरात चर्चा व्हायची?"

"डॉक्टरच घरात होते."

"मग आयतं जास्त कुणाला मिळालं? तुम्हाला की मला?"

"ते तोलायचं कसं?" ती म्हणाली.

"काटा तुमच्याकडं असेल. आमच्याकडं घ्यायची ऐपत नव्हती."

ती हसली... जाहीर रेडिओवर, खळखळून. लगेच फोन वाजायला लागले. पहिलाच गृहस्थ म्हणाला, "ताई, बाईमाणसाला अडवतात हे मान्य. पण तुम्ही गोऱ्यागोमट्या, चांगल्या घरातल्या. खरं भोगलंय ते त्या दादानं. गरीब तो गरीब, वर आमच्यासारखा काळा. बोलण्यावरूनच कळतं ना!"

टेबलावरून दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. त्याची भुवई वर गेली. तिनं तोंड उघडलं... आणि म्हणाली, "पुढचा फोन घेऊ या."

"का नाही सांगितलंस?" कँटीनमध्ये त्यानं विचारलं. त्या एका तासात 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं, कधी ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"कारण पहिल्यांदाच माणसं नुसतं माझं बोलणं ऐकत होती," कपात चमचा फिरवत ती म्हणाली. "मूळची कुठली, हे न विचारता. आणि तू रे? तू का गप्प बसलास?"

"मला आधी गंमत वाटली. मग नाही वाटली." त्यानं कप बाजूला सारला. "माझं बोलणं ऐकून माणसं मला काळा समजतात... म्हणजे अडाणी म्हणजे काळा, असंच ना त्यांच्या डोक्यात? आपल्या दोघांनाही एकाच दगडानं मारलं त्यानं."

त्यानंतर त्याला दर आठवड्याला माईकसमोर बसवायचं ठरलं. दोघं रेडिओवर भांडायची आणि बाहेर आल्यावर पुन्हा भांडायची. पण आता भांडण संपू नये असं वाटायला लागलं होतं. एकदा त्यानं तिला स्वतः टिपलेला पाऊस ऐकवला. डोळे मिट म्हणाला, हेडफोन तिच्या कानांवर नीट बसवले, केसांची बट आत अडकली होती ती हलकेच सोडवली.

"हा कुठला पाऊस?"

"आमच्या पत्र्यावरचा. रात्रभर एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं. तुमच्याकडं कसा वाजतो?"

ती विचार करत राहिली. "आमच्याकडं ऐकूच येत नाही," ती म्हणाली. हे आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं होतं. डोळे उघडले तर तो अगदी जवळ होता. त्याच्या बोटांना वायरींचा वास येत होता. दोघंही हलली नाहीत... आणि दारावर टकटक झाली. बॉसबाईंनी दोघांना बोलावलं होतं.

बॉसबाईंच्या खोलीत साबणाच्या कंपनीचे एक साहेब बसले होते. 'आयतं' हा कार्यक्रम सभागृहात, हजार माणसांसमोर, कॅमेरे लावून करायचा. खर्च कंपनीचा. साहेब तोंड भरून कौतुक करत होते. ती आत आली तशी त्यांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. त्यांनी बॉसबाईंकडं पाहिलं, बॉसबाईंनी खिडकीकडं.

साहेब गेल्यावर बॉसबाई म्हणाल्या, "बसा दोघं. हे बघ, श्रोत्यांच्या मनात तुझं एक चित्र आहे. ते एकदम मोडलं तर लोकांना फसवल्यासारखं वाटेल. स्टेजवर कानसेन असेल. गोरा आहे, साधा आहे, कामगाराच्या घरातला आहे. तू स्टुडिओतून बोल. आवाज तर तुझाच राहतोय!" मग त्याच्याकडं वळून, "आणि तुला त्या कार्यक्रमानंतर कायमचा निवेदक करतेय. बटणं फिरवणं बंद."

ती त्याच्याकडं बघत राहिली. आता बोलेल. आता तरी बोलेल...

तो टेबलाकडं बघत होता.

"बाई, तुम्ही बाई असून मला हे सांगताय?" तिनंच विचारलं.

"बाई आहे म्हणूनच सांगतेय," बॉसबाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "इथवर यायला मी काय काय गिळलंय ते तुला माहीत नाही."

जिन्यात तिनं त्याला गाठलं.

"गप्प का बसलास?"

"विचार करत होतो."

"मला विचार करावा लागला नसता!"

"कारण तुला परवडतं!" त्याचा आवाज जिनाभर घुमला. "उद्या नोकरी सोडलीस तर तू बाबांच्या गाडीत बसून घरी जाशील. मी कुठं जाऊ? माझ्या घरात एकटी ताई कमावत होती, कितीतरी वर्षं. खरं बोलायलासुद्धा मागं काहीतरी असावं लागतं."

"आणि मला दारात अडवतात तेव्हा बाबांची गाडी काय करते? सांग ना! माझ्या जागी तुला उभं करतायत. तुझ्यात काय जास्त आहे? चामडीच ना?"

"म्हणजे माझं काम काहीच नाही? एवढी वर्षं काचेमागं बसलो ते? हा निर्नय माझा एकट्याचा नाही, तुला कळत कसं नाही, माझ्या घरी —"

"निर्णय," ती म्हणाली.

सवयीनं निघून गेलं. शब्द तोंडातून सुटला आणि तिचं तिलाच चर्र झालं.

तो थांबला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"एवढं भांडतानासुद्धा," तो हळू म्हणाला. "एवढं भांडतानासुद्धा तुला तेवढंच ऐकू आलं."

आणि तो खाली निघून गेला.

मग सुरू झाले काचेचे दिवस. काच तीच होती, पण आता ती मध्ये आल्यासारखी वाटायची. हेडफोनमधून कामापुरते शब्द यायचे. "फोन तयार." "गाणं लावतोय." तिचा घसा कोरडा पडायचा आणि तिचं तीच पाणी प्यायची. माईकसमोरची त्याची खुर्ची रिकामी राहायला लागली. घसा बरा नाही, असं त्यानं सांगितलं होतं. एकदा गाणं चालू असताना तिनं वर पाहिलं तर तो तिच्याकडं बघत होता. नजर चुकवायला त्याला वेळ मिळाला नाही, तिलाही नाही. गाणं संपलं, लाल दिवा लागला आणि ती श्रोत्यांचं स्वागत करताना चक्क अडखळली.

घरी जेवताना तिनं बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाले, "माझ्याकडं अजून येतात रोगी. मला बघतात आणि विचारतात, डॉक्टर कधी येणार? राणी, तो कार्यक्रम तू सोड. आणि त्या मुलालाही. तुझ्या बाजूनं एक शब्द बोलता येईना त्याला? गोऱ्यांचं हे असंच असतं."

"बाबा, त्याला सोपं नव्हतं ते," ती म्हणाली. "घर त्याच्यावर आहे. बहिणीनं त्याच्यासाठी शाळा सोडलीय. आपल्याला काय, आपण उद्या दुसरं काहीतरी शोधू. त्यानं काय करायचं? आणि तो म्हणतो ते खोटं नाही, आपल्या मागं..."

बोलता बोलता ती थांबली. जिन्यात त्याला जे बोलू दिलं नव्हतं ते सगळं आता तीच बोलत होती. बाबा चष्म्यावरून तिच्याकडं बघत होते.

"अस्सं," ते म्हणाले. "म्हणजे प्रकरण कार्यक्रमाचं नाही तर."

तिनं मान खाली घातली आणि पानातलं उगाच चिवडत बसली.

सभागृहातला कार्यक्रम रविवारी होता. शुक्रवारी दुपारी, प्रक्षेपणाआधी कँटीनमध्ये एक बाई तिला शोधत आली. अंगावर कारखान्याचा झगा, केस जाळीत बांधलेले, चेहरा कानसेनचाच, पण थकलेला.

"रेडिओवरच्या ताई कुठं भेटतील?"

"मीच ती."

बाई बघतच राहिली. "आवाज तर तोच," ती पुटपुटली. "आम्ही कारखान्यात रोज ऐकतो. मला वाटलं होतं..."

"सगळ्यांनाच वाटतं. बसा ना."

ती बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "मी त्याची बहीण. तो काल म्हणाला, निवेदकाची नोकरी नको म्हणून सांगणार आहे. तुमच्यासाठी. तुम्ही त्याला समजवा."

"मी त्याला काहीच म्हणाले नाहीये."

"वर्गात मी पहिली यायचे," बहीण म्हणाली. "तो कसाबसा पास व्हायचा. बाबा गेले तेव्हा आईनं माझी शाळा बंद केली, त्याची नाही. का, तर तो मुलगा. मी काही बोलले नाही. आता कुठं त्याला बरी खुर्ची मिळतेय. ती माझ्या वाटणीची पण आहे. ती सोडून द्यायचा हक्क त्याला कुणी दिला?" तिचा आवाज फाटला. "तुम्हाला अडवतात त्याचं मला वाईट वाटतं हो. खरंच वाटतं. पण मला तर कुणी अडवायलासुद्धा आलं नाही. मी दारापर्यंत पोचलेच कुठं?"

बहीण गेली. वर लाल दिव्याची वेळ होत आली होती.

त्या दुपारी बॉसबाईंनी तिच्या हातात काय बोलायचं ते लिहून दिलं होतं. मी रविवारी स्टुडिओत असेन, सभागृहात तुम्हाला भेटतील तुमचे लाडके कानसेन. तिनं ते म्हटलं, गोड आवाजात. फोन येत राहिले. मग एक मावशी लाइनवर आल्या.

"ताई, तुम्ही नाही येणार? अहो, मी लेकीला घेऊन खास तुम्हाला बघायला येणार होते! तिला रोज सांगते, ताईंचं ऐक. कशी गोरीगोमटी, सुरेख मुलगी असेल ती! लेक माझी काळी, म्हणून तोंड उघडत नाही कुठं..."

"मावशी, जरा थांबा हं," ती म्हणाली. "एक गाणं ऐकू या, मग बोलू."

गाणं सुरू झालं. तिनं काचेकडं पाहून बटण दाबलं. आता तिचा आवाज फक्त त्याला ऐकू जात होता.

"मी सांगणार आहे," ती म्हणाली. "त्यात तुझं नुकसान आहे. तुझ्या ताईंचंही. त्या आत्ताच येऊन गेल्या आणि त्यांचं काही खोटं नव्हतं. त्यामुळं तू माझ्यासाठी काही करायचं नाहीस. माईक बंद करावासा वाटला तर कर. मी रागावणार नाही... म्हणजे, प्रयत्न करेन."

त्यानं नजर समोरच्या काट्यावर वळवली. चेहऱ्यावरून काही कळेना. गाणं संपत आलं आणि लाल दिवा लागला.

"मावशी, लेक ऐकतेय का? तिला सांगा, मी काळी आहे."

काचेपलीकडं दार उघडलं. बॉसबाई आत आल्या होत्या.

"माझे पणजोबा मळ्यावर मजूर म्हणून आले. इथल्या दारात मला अडवलं ते सफाईवाली समजून. आणि हेही सांगा, की माझे वडील डॉक्टर आहेत. हा जो आवाज तुम्हाला गोरा वाटतो ना, तो शिकवायला आमच्या घरी शिक्षक यायचे. तोही मला आयताच मिळालाय."

बॉसबाई हातवारे करत होत्या. बंद कर. त्यांच्या ओठांवरून स्पष्ट कळत होतं. कानसेनचा हात आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीवर होता.

"आणि कानसेन गोरे आहेत," तिचा आवाज खाली उतरत चालला होता. "गरीब घरातले, गोरे. त्यांचं बोलणं ऐकून तुम्ही त्यांना काळं ठरवलंत. आम्ही दोघं गप्प बसलो, कारण त्यात आम्हाला काहीतरी मिळत होतं. मी त्यांचे उच्चार सुधारत राहिले. ते मला जड गेलं नाही, कारण दुसरं कुणीतरी खाली आहे हे... बरं वाटतं माणसाला. हे सगळं रविवारी स्टेजवर तुमच्यासमोर बोलणार होते. पण मला तिथं उभं राहता येणार नाहीये. माझा रंग पैसे देणाऱ्या कंपनीला चालत नाही."

बॉसबाईंनी स्वतःच पट्टीकडं हात नेला. कानसेननं आपला पंजा पट्टीवर उपडा ठेवला, आणि तसाच ठेवून बसला. मान वर करून तिच्याकडं पाहिलं. तो घामानं थबथबला होता.

लाइनवर काहीच ऐकू येईना.

"मावशी? आहात ना?"

"आहे गं," मावशी म्हणाल्या. मागं एक मुलगी काहीतरी कुजबुजत होती. "ही विचारतेय... मग तुम्हाला स्टेजवर आणायला आम्ही कुणाला फोन करायचा?"

पुढचा तासभर फोन थांबले नाहीत. कुणी फसवलंत म्हणून शिव्या दिल्या, कुणी "तरीच!" म्हणून फोन आपटला, कुणी नुसतं रडलं. साबणाच्या कंपनीनं त्याच संध्याकाळी हात वर केले. रविवारचं सभागृह रद्द झालं.

"मी बाई आहे म्हणून तुला ठेवतेय, असं समजू नकोस," बॉसबाई तिला म्हणाल्या. "फोन थांबत नाहीयेत म्हणून ठेवतेय." मग दाराकडं बघत, जरा खालच्या आवाजात, "त्याला मात्र मला शिक्षा करावी लागेल. माझा हात अडवला त्यानं, तुझ्यादेखत."

निवेदकाची खुर्ची गेली आणि काचेमागची खुर्चीही. कानसेनची बदली बाहेरच्या रेकॉर्डिंगच्या गाडीवर झाली, ऊन-पावसात वायरी ओढायला. काचेपलीकडं एक नवा माणूस बसायला लागला. तो तिच्या कानात फक्त वेळ सांगायचा.

चार दिवस ती थांबली. पाचव्या दिवशी दुपारचा कार्यक्रम आटोपून ती नदीवरच्या पुलावर गेली. तिथं गाडी उभी होती आणि तो पुराचा आवाज टिपत होता. पाऊस भुरभुरत होता. तिला पाहून त्यानं कानावरचे हेडफोन काढले.

"तुझ्यासाठी नाही केलं," तो आधीच म्हणाला.

"माहितेय. मला उपकार नकोच होते."

"मग का केलं, विचार ना."

"का केलंस?"

"मी आयुष्यभर लोकांचे आवाज कमी-जास्त करत आलोय. त्या दिवशी हाताखाली खरं बोलणं होतं. ते दाबायला हात वळेना." तो कठड्याकडं बघत बोलत होता. "एवढंच."

"एवढंच?"

"...आणि ते बोलणारी मुलगी मला आवडते. फार आवडते. म्हणजे, वैताग येईल इतकी."

ती हसली, मग एकदम तिचे डोळे भरले. "जिन्यात मी जे केलं ना... ते तू विसरू नकोस. मी पुन्हा करेन. सवय आहे मला. तेव्हा तू भांड, निघून जाऊ नकोस."

"मीसुद्धा पुन्हा गप्प बसेन. भीती वाटते मला. मागं काही नाही ना."

"मग मीही भांडेन."

तो जवळ आला. दोघांच्या मध्ये आता काच नव्हती, वायर नव्हती, आणि काय करावं ते दोघांनाही सुचेना. शेवटी तिनंच त्याचा ओला हात हातात घेतला.

"मलाही," ती म्हणाली. "मलाही तू... तेच. वैताग येईल इतका."

"लोक म्हणतील, डॉक्टरची पोरगी बघून गळाला लावली."

"मला म्हणतील, गोरा बघून भुलली."

"मग?"

"मग काय! लोकांना नंबर तर पाठच आहे. रोज दुपारी लावतातच."

तो इतक्या मोठ्यानं हसला की गाडीचा ड्रायव्हर आरशातून बघायला लागला. मग हसू मावळलं. "ताई माझ्याशी बोलत नाहीये," तो म्हणाला. "शुक्रवारपासून."

"चल मग," ती म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता. तुझं काम संपल्यावर."

दोघं बसनं गेली. गल्ली अरुंद होती, पत्र्यांवरून पाणी ओघळत होतं. त्यानं दार वाजवलं. बहीण नुकतीच पाळीवरून आली असावी. केसांवर जाळी तशीच होती. तिनं दोघांकडं पाहिलं, मग दोघांच्या गुंतलेल्या हातांकडं. कानसेनच्या हातातून तिनं आपला हात सोडवायला घेतला, त्यानं सोडला नाही.

"तुम्ही बोलायचं ते बोलून मोकळ्या झालात," बहीण म्हणाली. "सगळा कारखाना वाहवा करतोय तुमची. आणि याचं काय? माझं काय?"

"माझ्याकडं उत्तर नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही कँटीनमध्ये बोललात ते मी विसरलेले नाही. ते ऐकून मी पळून जाणार नाही, एवढं सांगायला आले."

बहीण उंबऱ्यातच उभी राहिली. पाऊस वाढला. तिघांनाही एकमेकांचं ऐकू येईनासं झालं. मग तिनं आतलं स्टूल पुढं ओढलं, हातानं पुसलं आणि ओरडून म्हणाली,

"बसा. पण मला भांडायचंय तुमच्याशी. खूप भांडायचंय."

"चालेल," तीही ओरडून म्हणाली, आणि आत येऊन बसली.